लहान अनुदान आणि आपल्या पेटीतील कागद
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘समाजाची शैक्षणिक प्रगती’ असा छापला आहे. ह्या विषयावर ह्याच व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलत आले आहे, आणि तो चालू असताना मागच्या बाकांवरील मुले काय करीत असतात हे मी शिक्षक म्हणून पुष्कळ वर्षे पाहिले आहे. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी आज एका लहान विषयावर बोलतो.

विषय पैशांचा आहे, पण थोड्या पैशांचा. दहा हजार, पंचवीस हजार, फार झाले तर पन्नास हजार रुपये. एवढ्यात शाळेचा एक वर्ग बांधून होत नाही, प्रयोगशाळेचे एक कपाटही धड भरत नाही. म्हणून कार्यकारिणीच्या सभेत असल्या अनुदानाचे पत्रक आले की ते वाचून बाजूला ठेवले जाते. ‘एवढ्यासाठी कोण कागद रंगवणार?’ हे वाक्य मी स्वतः सभेत उच्चारलेले आहे. आज मी माझ्याच त्या वाक्याविरुद्ध बोलणार आहे.

ही अनुदाने असतात तरी कशासाठी? वाचनालयासाठी, व्याख्यानांसाठी, गावचा इतिहास गोळा करण्यासाठी, जुनी हस्तलिखिते जपण्यासाठी, वृद्धांच्या आठवणी टिपून त्यांवर गावात चर्चा घडविण्यासाठी, मुशायऱ्यासाठी, नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी. इतिहास, भाषा, वाङ्मय, विचार ह्या विद्यांना विद्यापीठात ‘मानव्यविद्या’ असे भारदस्त नाव आहे. त्या विद्यापीठाच्या भिंतीबाहेर काढून मोहल्ल्यात, चावडीवर, वाचनालयाच्या ओट्यावर आणावयाच्या, एवढाच ह्याचा अर्थ. महाराष्ट्राला हे नवीन नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आपल्या जमातीने मदरसे काढले, शाळा काढल्या, मुंबईत शिकणाऱ्या मुलांसाठी खोल्या घेतल्या, हे फार मोठे काम झाले. परंतु शाळेची घंटा झाल्यानंतर गावातील मोठी माणसे आणि मुले एकत्र बसून काही ऐकतील, वाचतील, आपल्याविषयी बोलतील, असे ठिकाण आपण क्वचितच उभे केले. आपली बैठक भरते ती लग्नाला, मय्यतीला किंवा निवडणुकीला.

आता हे मला इतके निकडीचे का वाटते ते सांगतो.

माझ्या घरी एक पत्र्याची पेटी होती. आजोबा जहाजावर नोकरीस होते. त्यांच्या जहाजाच्या नोकरीचे पुस्तक, त्यांची आजीला आलेली पत्रे, खोतीच्या वेळचे काही कागद, एक जुना निकाहनामा असे त्या पेटीत होते. पत्रे उर्दू लिपीत पण आपल्या कोकणी बोलीत लिहिलेली. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यामुळे ती मला अडखळत वाचावी लागत. खोतीचे कागद मोडीत, ते तर मुळीच वाचता येत नसत. निवृत्त झाल्यावर कोणाकडून तरी वाचून घेऊ, असे मी म्हणत राहिलो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्या दिवशी कोणी पेटीचा विचार करीत नव्हते, आणि करू नये हेच योग्य होते. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही घरे गाडली गेली. त्या दुःखापुढे माझी पेटी काहीच नव्हे. पण पाणी ओसरल्यावर चिखलातून ती काढली तेव्हा आत कागदाचा एक गोळा होता. तो उन्हात वाळवला आणि मग टाकून दिला. आजोबांनी परदेशातील कोणत्या बंदरातून काय लिहिले होते, हे आता कोणालाही कळावयाचे नाही.

ह्याला केवळ पूर जबाबदार नाही. माझ्या हाती तीस वर्षे होती. एक-दोन हजार रुपयांत त्या सर्व कागदांची छायाचित्रे काढून झाली असती आणि एका उर्दू शिक्षकाबरोबर आठ दिवस बसलो असतो तर ती वाचूनही झाली असती.

आता घरापुरते न बोलता गावापुरते बोलतो. दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडात देशभरातून हजारो माणसे येतात. चवदार तळ्यावर जातात, क्रांतिस्तंभावर जातात. आपली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून ती गर्दी पाहतात. १९२७ साली येथे काय घडले हे पाठ्यपुस्तकात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९ व २० मार्चच्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी आले, आणि २० मार्चला सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झालाच होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर आणि तळे गावात, अशी स्थिती होती. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरात दुसरी परिषद भरवावयाची तर जागा कोणी देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते ह्या परिषदेत.

आता पाहा. सुरबानाना टिपणीस कोण होते, अनंतराव चित्रे कोण होते, हे आपणांस पुस्तकांत सापडते. परिषदेसाठी झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्या ह्याच भागातले, लाडवलीत जन्मलेले आणि दासगावात वाढलेले. त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून त्या काळचे दासगाव, तेथील शाळा, तेथील माणसे आज वाचावयास मिळतात. फत्तेखान मात्र सर्वसाधारण पुस्तकांत एका ओळीपुरते येतात आणि जातात. ते कोणत्या मोहल्ल्यात राहत? जमीन देताना घरात काय बोलणे झाले? जमातीतील लोक काय म्हणाले? दार उघडून ज्या घरांनी माणसे आत घेतली ती घरे कोणती? ज्यांनी हे केले त्यांची नातवंडे-पतवंडे आज ह्या सभागृहात बसलेली असतील, आणि त्यांना ते ठाऊक नसेल. २०२७ साली ह्या सर्व गोष्टीस शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या वेळी देशभरातून लोक येतील आणि आपल्या मुलांना विचारतील, ‘ती जमीन कोठे होती?’ तेव्हा आपण काय सांगणार?

(एक गोष्ट ओघात सांगून ठेवतो. हे काम आपण आपली पाठ थोपटून घेण्यासाठी करावयाचे नाही. त्या वेळी आपल्यापैकी सर्वांनीच दारे उघडली असतील असे मी समजत नाही. जे सापडेल ते लिहावयाचे, गैरसोयीचे असले तरी.)

हे शोधावयास किती पैसे लागतात? मी एक अंदाज मांडला. दासगाव, वहूर, टोळ आणि महाड शहर, तसेच पोलादपूर व त्याच्या वरच्या अंगाची गावे, असे मिळून वीस-पंचवीस वृद्धांच्या मुलाखती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावयाच्या. मुलांचे एस.टी. आणि रिक्षाभाडे, चहापाणी, घरोघरच्या कागदांची छायाचित्रे साठविण्याचे एक उपकरण आणि त्याची दुसरी प्रत, उर्दू व मोडी वाचणाऱ्या दोन जाणकारांचे मानधन, गावात सहा जाहीर बैठकी आणि शेवटी चाळीस पानांची एक पुस्तिका. हे सारे चाळीस हजारांच्या आत बसते. आमच्या एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाला ह्याहून अधिक लागतात, हे खजिनदार साहेबांना विचारावे.

आता हे पैसे मिळतात कोठून ते सांगतो. सर्वांत जवळचा रस्ता वाचनालयाचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात आणि वर्गाप्रमाणे राज्य शासन दरसाल परिरक्षण अनुदान देते. सर्वांत लहान म्हणजे ड वर्ग. त्यास बरीच वर्षे वर्षाला ३० हजार रुपये मिळत. पुढे अनुदानाच्या दरात ६० टक्के वाढ झाली. ह्या रकमेत कर्मचाऱ्याचे वेतन, पुस्तके, मासिके, दिवाबत्ती सर्व बसवावयाचे. म्हणजे चैन नव्हे. शिवाय नव्या वाचनालयांना मान्यता देणे २०१२ नंतर बरीच वर्षे बंद होते, तेव्हा ‘आज अर्ज, उद्या अनुदान’ असे मी तुम्हांस सांगणार नाही. परंतु ज्यांना पूर्वीच मान्यता आहे अशी वाचनालये आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांच्या जोडीने काम करण्यास काय हरकत आहे? आपण मुले द्यावी, त्यांनी जागा द्यावी. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले. ते राज्यांच्या ग्रंथालय संचालनालयांमार्फत पुस्तके, कपाटे, चर्चासत्रे ह्यांसाठी सहाय्य करते. त्याच्या काही योजनांत राज्याने आपला वाटा घालावा लागतो आणि काहींत लागत नाही.

दुसरा रस्ता भाषेचा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली निघाले. त्याचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे वाईचे, म्हणजे आपल्या आंबेनळी घाटाच्या पलीकडचेच. ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही अशा नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकास हे मंडळ प्रकाशनासाठी अनुदान देते. आपल्या समाजात मराठीत कविता-कथा लिहिणारी मुले आणि विशेषतः मुली आहेत हे मला वर्गातून ठाऊक आहे. अर्ज करणारे मात्र माझ्या माहितीत एकही नाही. महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमी १९७५ ची, आणि दिल्लीची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद १९९६ पासून काम करीत आहे. परिषद परिसंवाद, व्याख्याने, मुशायरे ह्यांसाठी नोंदणीकृत संस्थांना मदत करते. हस्तलिखितांसाठी केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच कामाला ‘ज्ञान भारतम्’ ह्या नावाने मोठे रूप देण्याचे जाहीर झाले. पंचाहत्तर वर्षांहून जुना हस्तलिखित ग्रंथ असेल तर तो ह्या अभियानाच्या व्याख्येत बसतो. मशिदीच्या किंवा एखाद्या जुन्या मौलवी घराण्याच्या कपाटात असे काही आहे काय, हे कोणी पाहिले आहे का? बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ सालची बिनसरकारी संस्था आहे. कला, लोकसंस्कृती, जुने संग्रह ह्यांवर काम करणाऱ्यास ती सहाय्य करते आणि अर्ज भारतीय भाषेत केला तरी घेते. आपल्या लग्नघरातील बायकांची कोकणी गाणी हा तिच्या कक्षेत बसणारा विषय आहे, आणि ती गाणी येणाऱ्या बायका दरवर्षी कमी होत आहेत.

तिसरा रस्ता अगदी दारातला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचा धूर आणि पाणी आपण पुष्कळ वर्षे सोसले. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक नफ्यावरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आपला कारखाना ज्या भागात आहे त्या भागास प्राधान्य द्यावे असे तो कायदा सांगतो. त्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारशाचे, कलेचे व संस्कृतीचे जतन आणि सार्वजनिक वाचनालये हे शब्द स्पष्ट आहेत. आपण त्यांच्याकडे जातो ते पाण्याच्या टाकीसाठी किंवा बाकांसाठी. वाचनालयासाठी कोणी गेले नाही. एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेने आधी कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी करावी लागते. ती केलेली नसेल तर कारखान्याच्या व्यवस्थापकाची इच्छा असूनही त्याला देता येत नाही.

आणि चौथा रस्ता आखाताचा. कुवेत, सौदी, दुबई येथे आपली मुले आहेत. आफ्रिकेत, केप टाउनला तर शंभर वर्षांहून अधिक काळ आपली कोकणी माणसे आहेत. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ह्यात चांगल्या संस्था अडचणीत येतात. ज्याच्या हाती भारतीय पासपोर्ट आहे त्याने आपल्या कमाईतून, बँकेच्या रीतसर मार्गाने संस्थेस दिलेली रक्कम परदेशी देणगी समजली जात नाही. पण ज्या भावाने तेथील नागरिकत्व घेतले आहे, मग तो मूळचा महाडचा का असेना, त्याची देणगी परदेशी ठरते, आणि २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही. कोणी लग्नाला आला आणि पाकीट देऊन गेला, असे चालावयाचे नाही.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेचा सहचिटणीस होतो. आम्ही तीन दिवसांच्या व्याख्यानमालेसाठी अर्ज केला आणि अनुदान मंजूर झाले. आम्ही हर्षभरित झालो. मंडप घातला, ध्वनिक्षेपक लावला, पाहुण्यांना शाली, श्रीफळे, सन्मानचिन्हे दिली, जेवणावळ घातली. व्याख्याने चांगली झाली, निदान पहिले तरी. मग हिशेब पाठवला. मंजुरीच्या पत्रात स्वच्छ लिहिले होते की रक्कम वक्त्यांचे मानधन, प्रवास आणि छपाई एवढ्यासाठीच आहे. ते पत्र आमच्यापैकी कोणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले नव्हते. शालींच्या पावत्या परत आल्या. मानधन आम्ही पाकिटात घालून दिले होते, त्याची सही घेतलेली नव्हती, संकोच वाटला. हाती आली ती निम्म्याहून कमी रक्कम, तीही पुढील आर्थिक वर्षात. उरलेले पैसे आमच्या खजिनदारांनी स्वतःच्या दुकानातून भरले आणि त्यानंतर ते कोणत्याच समितीवर आले नाहीत. चांगला माणूस आम्ही गमावला. दोष देणाऱ्या कार्यालयाचा नव्हता, आमचा होता.

म्हणून मुलांनो, विशेषतः वाणिज्य शाखेच्या मुलांनो, हे तुमचे काम आहे. बहुतेक अनुदाने खर्च झाल्यानंतर किंवा दोन हप्त्यांत मिळतात. तोवर चालवावयास थोडे भांडवल स्वतःचे हवे. प्रत्येक खर्चास पावती हवी, रोजकीर्द रोज लिहावयास हवी, वर्षाअखेर तपासनिसाची सही हवी, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब गेलेले हवेत. काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र आणि अहवाल. कोणी म्हणेल, पंचवीस हजारांसाठी एवढा उपद्व्याप! मी म्हणतो, ह्या पंचवीस हजारांची खरी किंमत त्याच उपद्व्यापात आहे. लहान रकमेचा हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्थेस पुढे मोठी रक्कम मिळते, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की जमातीचा पैसा आपण विश्वासावर चालवतो आणि मग एके दिवशी त्याच विश्वासावरून मशिदीच्या दारात भांडतो. परक्याला हिशेब देण्याची सवय लागली तर घरच्यांनाही देता येतो.

आता आक्षेप. पालकांपैकी काहींच्या मनात जो आहे तो मीच बोलून दाखवतो. घरोघरी फीची अडचण आहे, मुलीला महाड-माणगावच्या पुढे पाठवावयास भाड्याचे पैसे नाहीत, आणि मास्तर व्याख्यानांच्या आणि जुन्या कागदांच्या गोष्टी करतात! आक्षेप रास्त आहे. जकातीचा पैसा कोणास द्यावयाचा हे शरीअतने ठरवून दिलेले आहे, आणि तो गरजूंच्या हक्काचा आहे. त्यातील एक पैसाही व्याख्यानमालेकडे वळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी सहाय्य निधीलाही हात लावू नये. नेमके त्याचसाठी हे बाहेरचे लहान अनुदान हवे. ते फीसाठी देता येत नाही आणि फीचा पैसा ह्यासाठी वापरावयाचा नाही. दोन कप्पे वेगळे.

दुसरा आक्षेप, सरकारी पैसा घेतला की सरकारी हात आत येतो. काही प्रमाणात खरे आहे. अटी असतात; त्या वाचाव्या, आणि न पटणारी अट असेल तर ते अनुदान सोडून द्यावे. पण मागण्यात लाज नाही. ही खैरात नव्हे. अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शिक्षणसंस्थेस, केवळ ती अल्पसंख्याकांची आहे म्हणून, अनुदान देताना राज्याने भेदभाव करू नये, असे आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदात लिहिले आहे. हक्क असतो तो अर्ज करणाऱ्याला. अर्जच न करणाऱ्यास हक्काचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, सावधगिरी आहे. एकाच दात्यावर विसंबू नये. अमेरिकेत १९६५ साली मानव्यविद्यांसाठी एक राष्ट्रीय निधी स्थापन झाला, आणि त्याच्या आधाराने प्रत्येक राज्यात एक परिषद चालते. ह्या परिषदा गावच्या वाचनालयांना, लहान संग्रहालयांना, स्थानिक इतिहास मंडळांना लहान लहान रकमा देतात. अशा ५६ परिषदा आहेत. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून पत्रे गेली आणि मंजूर झालेली अनुदाने एकाएकी बंद झाली. मेलन फाउंडेशन ह्या खाजगी संस्थेने दीड कोटी डॉलर दिले, पण ती तात्पुरती मलमपट्टी. एवढ्या श्रीमंत देशात हे होते. तेव्हा आपण वर्गणीची वही बंद करावयाची नाही. दहा हजार बाहेरून आले तर पाच हजार गावातून उभे करावे. ज्याने शंभर रुपये दिले तो बैठकीला येऊन बसतो, प्रश्न विचारतो.

अनुदान देणारे बहुतेक सर्व जण एक अट घालतात: कार्यक्रम सर्वांसाठी खुला असावा. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपले कार्यक्रम आपणच करतो आणि आपणच ऐकतो. १९२७ च्या त्या दिवसाची अर्धी आठवण आपल्या घरांत असेल, तर उरलेली अर्धी महाडच्या बौद्ध वस्तीतील घरांत आहे. कोणाच्या दारात पणजोबा लपले होते, हे त्या घरातील म्हातारीला सांगितले गेले असेल. तिला आपण कधी विचारले? तिला बोलवावयाचे तर बैठक जमातखान्यात घ्यावी की नगरपालिकेच्या सभागृहात, ह्याचाही विचार करावा लागेल. मला वाटते दोन्हीकडे घ्यावी, आणि पहिली तिच्या वस्तीत. पोलादपूरकडे कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसरे यांची. त्या गावांतील मुसलमान घरांची त्या स्थळांशी, उरुसांशी, जत्रांशी काय नाती होती, हेही तेथील माणसांबरोबर बसूनच कळेल.

मुलांना काही नियम सांगतो. कोणाच्या घरातून मूळ कागद उचलून आणावयाचा नाही. तेथेच, उजेडात, छायाचित्र घ्यावयाचे आणि कागद परत पेटीत. ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी परवानगी मागावयाची, आणि वृद्धाने ‘हे लिहू नकोस’ म्हटले तर लिहावयाचे नाही. म्हातारी माणसे विषय सोडून बोलतात. त्यांना अडवू नका, कित्येकदा विषय सोडलेल्या भागातच माल असतो. बायकांच्या मुलाखतींना मुलींनी जावे. आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, त्यांपैकी एक महाडच्या बाहेर, उंचावर. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २०२१ च्या त्याच पुरात तेही पाण्यात गेले. आपल्यापाशी त्यांच्याएवढा संग्रह नाही, पण पाणी दोघांना सारखेच.

मला काय हवे आहे ते सांगून बसतो. मला नववी ते बारावीची दहा मुले-मुली हवीत, त्यांत निम्म्या मुली. एक रोजकीर्द लिहिणारा हवा. उर्दू नस्तालीक सफाईने वाचणारे एक आणि मोडी शिकलेले एक, असे दोन वडीलधारे हवेत. संस्थेने तीन हजार रुपये उचल द्यावी, तिचा हिशेब मी महिन्याच्या महिन्यास फलकावर लावीन. पहिला अर्ज आम्ही एकाच कामाचा करू, १९२७ च्या आठवणींचा. इमारत, संगणक, फर्निचर ह्यांपैकी काहीही त्यात मागणार नाही. उद्या सकाळी दहा ते एक मी शाळेच्या ग्रंथालयात बसलेला असेन. पालकांनी येताना पेटी आणू नये. तीत काय काय आहे, कोणत्या लिपीत आहे आणि ती जमिनीपासून किती उंचीवर ठेवली आहे, एवढे एका चिठ्ठीवर लिहून आणावे. कागद पाहावयास आम्हीच घरी येऊ.